निष्काम सेवा नव्हे, हक्काची मजुरी : लखनौचे होमगार्ड आणि 'लोकांच्या पोलिसां'चा प्रश्न



२०१९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात, दिवाळी दोन आठवड्यांवर येऊन ठेपली असताना, उत्तर प्रदेशच्या राज्य पोलीस मुख्यालयाने एक आदेश काढला. पोलीस ठाण्यांत आणि वाहतुकीच्या चौकांत पोलिसांच्या जोडीने उभ्या असलेल्या २५,००० होमगार्डांची ड्यूटी त्या आदेशाने बंद करण्यात आली. निर्णय ऑगस्टअखेरीस मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील बैठकीत आधीच झालेला होता. ज्यांच्या चुली त्यामुळे विझणार होत्या त्यांना मात्र तो सणाच्या तोंडावर कळला. कारण एकच देण्यात आले : अंदाजपत्रकात पैसा नाही.

लखनौ शहरात चारबाग स्थानकाबाहेर, हजरतगंजच्या चौकात, आलमबागच्या रस्त्यावर खाकी गणवेशातला हा माणूस नागरिकांच्या रोजच्या पाहण्यातला आहे. रिक्षावाला त्याला ओळखतो, फेरीवाला ओळखतो, शाळेत जाणारी मुले ओळखतात. ठाण्यातले अधिकारी बदलीवर येतात आणि बदलीवर जातात. होमगार्ड त्याच जिल्ह्यातला रहिवासी असल्यामुळे तिथेच राहतो. लोकांत मिसळणाऱ्या, लोकांमधूनच आलेल्या पोलिसाची कल्पना परिसंवादांतून आणि सरकारी अहवालांतून मोठ्या कौतुकाने मांडली जाते. त्या कल्पनेच्या सर्वांत जवळ जाणारा माणूस प्रत्यक्ष रस्त्यावर कोणी असेल तर तो हाच होय. आणि तिजोरीची ओढाताण होताच सर्वांत आधी घरी पाठवला गेला तोही हाच. असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना केवळ लखनौच्या नव्हे, साऱ्या देशाच्या पोलीस व्यवस्थेकडे पाहावे लागते.

पैशाचा हिशेब

प्रथम सरकारने दिलेले कारणच तपासून पाहू. आदेशाच्या आधी घडले होते ते असे. होमगार्डांचा रोजचा भत्ता उत्तर प्रदेशात ५०० रुपये होता. मार्च २०१५ मध्ये हिमाचल प्रदेशातील होमगार्डांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने एक तत्त्व घालून दिले. होमगार्डांना सेवेत कायम करण्याची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. परंतु त्यांचा रोजचा भत्ता असा असला पाहिजे की तीस दिवसांची बेरीज त्या राज्यातील पोलीस कर्मचाऱ्याच्या किमान वेतनाइतकी व्हावी, असे स्पष्ट बजावले. उत्तर प्रदेश सरकार या बाबतीत न्यायालयात झगडत राहिले. अखेर जुलै २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्याची हार झाली आणि भत्ता ५०० वरून ६७२ रुपयांवर न्यावा लागणार हे निश्चित झाले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत २५,००० माणसे कमी करण्याचा आदेश निघाला. न्यायालयाने मजुरी वाढवली, सरकारने मजूर कमी केले!

आता हिशेब पाहा. वाढ होती माणशी रोज १७२ रुपयांची. पंचवीस हजार माणसांमागे ती रोज ४३ लाख रुपये होते. महिन्याला पंचवीस दिवस ड्यूटी धरली तर महिन्याला १० कोटी ७५ लाख, वर्षाला १२९ कोटी. त्या वर्षीचे उत्तर प्रदेशचे अंदाजपत्रक होते सुमारे ४ लाख ७९ हजार कोटी रुपयांचे. म्हणजे राज्याच्या शंभर रुपयांच्या खर्चात या वाढीचा वाटा तीन पैशांहूनही कमी! या २५,००० माणसांची वाढीव दराने होणारी सारी मजुरी जमेस धरली, तरी ती वर्षाला ५०४ कोटींच्या आसपास, म्हणजे शंभर रुपयांत अकरा पैशांच्या आत बसते. ज्या तिजोरीतून शंभरातले तीन पैसे निघत नाहीत, ती रिकामी आहे असे कोण म्हणेल? पैसा होता. तो कोणासाठी काढायचा आणि कोणासाठी काढायचा नाही, हा निर्णय राजकीय होता.

या आदेशाविरुद्ध राज्यभर संतापाची लाट उसळली. होमगार्ड खात्याचे मंत्री त्या वेळी चेतन चौहान होते. पुण्यात वाढलेले आणि महाराष्ट्राच्या संघातून खेळलेले क्रिकेटपटू म्हणून मराठी वाचकांना ते परिचित आहेत. कोणाही होमगार्डला काढले जाणार नाही, असे त्यांना काही दिवसांतच जाहीर करावे लागले. लोकमताच्या दबावापुढे सरकारला पाऊल मागे घ्यावे लागले, ही गोष्ट लहान नाही. पण जी व्यवस्था एका सहीने २५,००० माणसांना घरी बसवू शकते ती व्यवस्था जशीच्या तशी राहिली. तिचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय पुढचा लढा लढता येणार नाही.

'निष्काम सेवा' आणि पोटाचा प्रश्न

होमगार्ड संघटनेचा जन्म महाराष्ट्राच्या भूमीवर झाला. ६ डिसेंबर १९४६ रोजी, जातीय दंगलींनी देश होरपळत असताना, मुंबई प्रांताचे तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या पुढाकाराने मुंबईत ही संघटना उभी राहिली. पुढच्याच वर्षी तिच्यासाठी कायदा झाला. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धानंतर केंद्र सरकारने साऱ्या राज्यांना एकाच नमुन्याचे होमगार्ड दल उभारण्याचा सल्ला दिला आणि १९६३ मध्ये उत्तर प्रदेशाचा होमगार्ड कायदा आला. संघटनेचे ब्रीदवाक्य आहे 'निष्काम सेवा'.

मूळ कल्पना अशी होती की वकील, शिक्षक, दुकानदार, कारकून अशा नागरिकांनी आपापला पोटाचा धंदा सांभाळून उरलेला वेळ समाजाला द्यावा. पूर, आग, दंगल अशा प्रसंगी पोलिसांच्या मदतीला धावून यावे. अशा माणसाला पगार कशाला? जाण्यायेण्याचा आणि चहापाण्याचा खर्च निघाला की पुरे. म्हणून कायद्याने त्याला 'स्वयंसेवक' ठरवले आणि त्याच्या हाती पडणाऱ्या पैशाला 'वेतन' न म्हणता 'भत्ता' म्हटले.

पण गेल्या साठ वर्षांत परिस्थिती पार बदलली. अवधच्या खेड्यांत जमिनीचे तुकडे पडत गेले. कानपूरच्या कापड गिरण्या बंद पडल्या. ज्याच्याजवळ ना पुरेशी जमीन ना कारखान्यातले काम, अशा तरुणाला होमगार्डची ड्यूटी हाच पोटाचा आधार झाला. दुसरीकडे पोलीस शिपायांच्या हजारो जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवण्यात आल्या आणि त्या जागांवरचे काम होमगार्डांकडून करून घेण्यात आले. सणासुदीच्या मदतीसाठी निर्माण झालेला माणूस बारा महिने ठाण्यात राबू लागला. कायद्याच्या पुस्तकात तो स्वयंसेवकच राहिला. व्यवहारात तो रोजंदार झाला. ड्यूटी लागली तर भत्ता, न लागली तर खाडा. ना भरपगारी रजा, ना निवृत्तिवेतन. २०१९ च्या त्याच दिवसांत उरलेल्या होमगार्डांच्या ड्यूटीचे दिवस महिन्याला पंचवीसवरून पंधरावर आणल्याच्या बातम्याही प्रसिद्ध झाल्या. भत्त्याचा दर वाढवायचा आणि दिवस कमी करायचे, ही युक्ती गिरणी कामगारांना आणि शेतमजुरांना नवी नाही. पंचवीस दिवसांचे ५०० रुपयांनी १२,५०० होत होते. पंधरा दिवसांचे ६७२ रुपयांनी १०,०८० होतात. दर वाढला, मिळकत घटली!

केंद्र सरकारची या खर्चातली जबाबदारीही मर्यादितच आहे. ईशान्येकडील राज्ये वगळता होमगार्डांची उभारणी, प्रशिक्षण आणि साधनसामग्री यांवरील खर्चाचा साधारण चौथा हिस्सा केंद्र परतफेडीच्या रूपाने देते. बाकीचा भार राज्यावर. देशात होमगार्डांची मंजूर संख्या पावणेसहा लाखांच्या घरात आहे. एवढ्या मोठ्या मनुष्यबळाच्या निर्वाहाची निश्चित हमी मात्र कोणाच्याच अंदाजपत्रकात नाही. केंद्र राज्याकडे बोट दाखवते, राज्य केंद्राकडे, आणि मधल्या मध्ये होमगार्ड ड्यूटीच्या यादीत आपले नाव शोधत उभा राहतो.

हजेरीपट कोणाच्या हाती?

येथे एक मुद्दा विशेष ध्यानात घेतला पाहिजे. रोजंदारीमुळे केवळ कमावणाऱ्याचे हाल होतात असे नाही; ज्या जनतेची सेवा त्याने करावी, त्या जनतेचेही नुकसान होते. ते कसे?

ज्याची आजची ड्यूटी उद्या राहील की नाही हे एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, तो त्या अधिकाऱ्याचा होऊन राहतो. वस्तीत कोण दारूचा गुत्ता चालवतो, कोण हप्ते गोळा करतो, हे त्याला चांगले ठाऊक असते. पण ते बोलण्याची त्याची प्राज्ञा नसते. मोहल्ल्याचा माणूस म्हणून ज्याचा उपयोग व्हायचा, तो ठाण्याच्या दारातला हरकाम्या होतो. बिगारीला मुकादमाचा धाक असावा, तसा त्याला ड्यूटी लावणाराचा धाक असतो.

या अवस्थेचा पुरावा २०१९ च्याच नोव्हेंबरात बाहेर आला. दिल्लीला लागून असलेल्या गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात होमगार्डांच्या हजेरीपटांत मोठा घोटाळा उघडकीस आला. प्रत्यक्षात जितके होमगार्ड कामावर होते त्याहून अधिक कागदावर दाखवून पैसे उचलले गेले होते. चौकशी सुरू होताच जिल्हा कार्यालयातले हजेरीपट आगीत भस्मसात झाले. पाठोपाठ लखनौमध्येही तशाच स्वरूपाचा गुन्हा दाखल झाला आणि होमगार्ड खात्यातील अधिकाऱ्यांना अटक झाली. ऑक्टोबरात जे सरकार पैसा नाही म्हणत होते, त्याच्याच खात्यात नोव्हेंबरात कागदी माणसांच्या नावाने पैसा वाहत असल्याचे दिसून आले! खऱ्या माणसाला द्यायला पैसा नव्हता, खोट्या माणसाला द्यायला होता. जिथे मजुरी रोजच्या यादीवर ठरते आणि यादी बंद कपाटात असते, तिथे असे घडल्यावाचून राहत नाही.

जुन्या खेड्यांतली व्यवस्था मराठी वाचकांच्या स्मरणात असेल. गावाचा जागल्या, येसकर, रामोशी हे राखणीचे काम करीत आणि गाव त्यांना सुगीला धान्याचा वाटा देई. त्या व्यवस्थेत जातीची घट्ट बेडी होती, अपमान होता, वेठ होती. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. इंग्रजांनी १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने गावच्या राखणीला सरकारी चौकटीत बसवले. स्वातंत्र्यानंतर १९६७ मध्ये महाराष्ट्राने आपला स्वतंत्र कायदा केला. तरीही पोलीस पाटलाला वेतन नव्हे, 'मानधन'च मिळत राहिले. मार्च २०२४ मध्ये ते महिना ६,५०० वरून १५,००० रुपयांवर गेले. त्याच वर्षी महाराष्ट्रातील होमगार्डांचा रोजचा भत्ताही ५७० वरून १,०८३ रुपयांवर नेण्यात आला. मानधन, भत्ता, मोबदला : शब्द बदलतात, 'पगार' हा शब्द मात्र कटाक्षाने टाळला जातो. कारण पगार म्हटला की हक्क येतो.

परदेशातला आणि आपल्या देशातला अनुभव

लोकाभिमुख पोलिसांसाठी सरकारी पैसा देण्याचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. १९९४ च्या कायद्यान्वये तेथील केंद्र सरकारने वस्त्यांत काम करणाऱ्या एक लाख जादा पोलिसांच्या भरतीसाठी शहरांना अनुदान देण्याचे ठरवले. अनुदान पगाराच्या तीन चतुर्थांशापर्यंत, तेही तीन वर्षांसाठी आणि एका पोलिसामागे जास्तीत जास्त ७५,००० डॉलर. त्यानंतरचा भार शहराने उचलायचा. श्रीमंत उपनगरांना हे झेपले. ज्या शहरांतून कारखाने निघून गेले होते आणि जिथे गरिबी अधिक होती, तिथे आधार संपला की प्रश्न पुन्हा उभा राहिला. न्यू जर्सी राज्यातील कॅम्डेन या गरीब शहरात जानेवारी २०११ मध्ये तिजोरीत खडखडाट झाल्यामुळे जवळजवळ निम्मे पोलीस कामावरून कमी केले गेले. जगातील सर्वांत धनाढ्य भांडवलशाही देशाची ही कथा! मुदतीच्या अनुदानावर उभी केलेली लोकसेवा मुदत संपताच कोसळते, हा त्याचा धडा आहे.

आपल्या देशात वेगळ्या वाटेने गेलेले दोन अनुभव मोलाचे आहेत.

पहिला भिवंडीचा. उत्तर प्रदेशाच्या पूर्व भागातून आलेल्या विणकरांनी वसवलेले हे यंत्रमागांचे गाव १९८४ च्या मे महिन्यात भीषण दंगलीत होरपळून निघाले. पुढे १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. समितीत हिंदू आणि मुसलमान सारख्या संख्येने, सामान्य कष्टकरी लोक अधिक, आणि तिची जबाबदारी त्या भागातील साध्या पोलीस शिपायावर. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्यासाठी नवी फौज भरती करावी लागली नाही. हाताशी असलेल्या शिपायाला वस्तीतल्या माणसांबरोबर बसण्याचा अधिकार, वेळ आणि मान मिळाला, एवढ्यानेच काम झाले.

दुसरा अनुभव केरळचा. डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने मार्च २००८ मध्ये तेथे 'जनमैत्री' योजना सुरू केली. ठरवून दिलेल्या भागातील घराघरांत शिपायाने जायचे, लोकांच्या समितीसमोर बसायचे, तक्रारी ऐकायच्या. हे काम करणारा पोलीस हा नियमित सेवेतला, पूर्ण पगाराचा पोलीस आहे. जनतेशी मैत्री करण्याचे काम रोजंदारावर सोपवून सरकार मोकळे झालेले नाही, हे येथे महत्त्वाचे.

खुद्द लखनौचा इतिहासही हेच सांगतो. जुन्या शहरात शिया-सुन्नी तंट्यामुळे १९७७ मध्ये मोहरमच्या मिरवणुकांवर बंदी आली आणि ती वीस वर्षे टिकली. या काळात पोलीस बंदोबस्त कधी कमी पडला नाही. पण बंदोबस्ताने तंटा मिटला नाही. १९९८ मध्ये दोन्ही बाजूंशी बोलणी होऊन मिरवणुकांचे दिवस ठरले तेव्हा त्या पुन्हा निघू लागल्या. चौकात कितीही शिपाई उभे करा, समजुतीशिवाय शांतता येत नाही. ती समजूत घडवण्यासाठी लोकांच्या विश्वासातला आणि स्वतःच्या भाकरीबद्दल निश्चिंत असलेला माणूस लागतो.

स्वस्त शिपाई कोणाला महाग पडतो?

याच्या उलट टोकाचे उदाहरण छत्तीसगडचे. तेथे माओवाद्यांविरुद्धच्या मोहिमेत हजारो आदिवासी तरुणांना 'विशेष पोलीस अधिकारी' म्हणून भरती करण्यात आले. शिक्षण पाचवीपर्यंत चालेल, प्रशिक्षण जेमतेम, मानधन महिना ३,००० रुपये, आणि हाती बंदूक. केंद्र सरकार सुरक्षाविषयक खर्चाच्या योजनेतून या मानधनाची परतफेड करीत होते. म्हणजे 'स्थानिक लोकांमधून भरलेल्या पोलिसां'साठी सरकारी निधी येथे होता. पण तो गरिबाला गरिबाविरुद्ध उभा करण्यासाठी वापरला गेला. प्रा. नंदिनी सुंदर आणि इतरांच्या याचिकेवर, तसेच भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे आदिवासी कार्यकर्ते कर्तम जोगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली. ५ जुलै २०११ रोजी न्यायालयाने ही नेमणूक घटनाबाह्य ठरवली. अल्पशिक्षित तरुणांना तुटपुंज्या मोबदल्यात मृत्यूच्या तोंडी देणे हा त्यांच्या समानतेच्या आणि जगण्याच्या हक्कांचा भंग आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

होमगार्ड आणि छत्तीसगडचे ते तरुण यांत फरक आहे, हे खरे. पण दोन्ही ठिकाणी राज्यसंस्थेचा हिशेब एकाच पद्धतीचा दिसतो. नियमित पोलिसाला पगार, प्रशिक्षण आणि निवृत्तिवेतन द्यावे लागते; त्याऐवजी गरजू तरुणाला कमी पैशात घ्यावे, काम करून घ्यावे आणि नको झाला की सोडून द्यावे. या बचतीची किंमत अखेर जनता मोजते.

एक रास्त शंका

या टप्प्यावर अनेक कार्यकर्त्यांच्या मनात एक शंका उभी राहते आणि ती टाळून चालणार नाही. मोर्चावर लाठी उगारली जाते तेव्हा ती उगारणाऱ्या हातांत होमगार्डचाही हात असतो. फेरीवाल्याच्या टोपलीतली फळे उचलणाऱ्यांत तोही असतो. मग त्याच्या मजुरीसाठी कष्टकऱ्यांच्या चळवळीने का झगडावे?

याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते. मे १९७३ मध्ये उत्तर प्रदेशात सशस्त्र पोलिसांच्या तुकड्यांनी, म्हणजे पी.ए.सी.ने, बंड केले. हलाखीच्या सेवाशर्ती आणि अधिकाऱ्यांच्या घरी करावी लागणारी घरगड्याची कामे यांचा असंतोष त्यामागे होता. ते मोडण्यासाठी लष्कर आणावे लागले, गोळीबारात जवान मेले, आणि जूनमध्ये कमलापती त्रिपाठी यांच्या सरकारला लखनौची सत्ता सोडावी लागली. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलिसांचा असंतोष असाच रस्त्यावर आला. सरकारने त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली आणि शहरात लष्कर उतरवले. गणवेशाखालचा माणूस शेतकऱ्याचा आणि मजुराचा मुलगा असतो, हे या दोन्ही घटनांनी दाखवून दिले.

पण इतिहासाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९७३ मध्ये ज्या दलाने अन्यायाविरुद्ध बंड केले, त्याच दलाच्या जवानांनी मे १९८७ मध्ये मेरठच्या हाशिमपुऱ्यातून मुसलमान तरुणांना उचलून नेले आणि कालव्याच्या काठी गोळ्या घातल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने १६ जवानांना शिक्षा ठोठावली ती ऑक्टोबर २०१८ मध्ये, एकतीस वर्षांनंतर. गरिबाच्या पोटी जन्म घेतला म्हणून कोणी आपोआप गरिबाचा कैवारी होत नाही.

म्हणून चळवळीची भूमिका एकांगी असून भागणार नाही. होमगार्डच्या मजुरीचा हक्क आणि जनतेचा त्याच्यावरचा अंकुश या दोन मागण्या एकत्रच मांडल्या पाहिजेत. पहिली सोडून दुसरी मांडली तर तो चळवळीला शत्रू समजेल आणि अधिकाऱ्याच्या आडोशाला जाईल. दुसरी सोडून पहिली मांडली तर मोहल्ल्यातला गरीब माणूस चळवळीला विचारील, की आम्हाला मारणाऱ्याचा पगार वाढवून तुम्ही काय मिळवले? आणि त्या प्रश्नाला उत्तर नसेल.

मागण्या

या विवेचनातून पुढील मागण्या निघतात.

पहिली : जो होमगार्ड बारमाही काम करतो त्याला कायद्याने 'स्वयंसेवक' म्हणणे बंद झाले पाहिजे. त्याला मासिक वेतन, साप्ताहिक सुट्टी आणि निवृत्तिवेतन मिळाले पाहिजे. पोलिसांच्या रिकाम्या जागा भरताना प्रशिक्षण देऊन त्याला अग्रक्रम मिळाला पाहिजे.

दुसरी : या वेतनाचा ठरावीक वाटा केंद्र सरकारने कायमस्वरूपी उचलला पाहिजे. पैशाच्या टंचाईचे कारण पुढे करून ड्यूटी बंद करण्याचा अधिकार कोणत्याही अधिकाऱ्याला असता कामा नये.

तिसरी : हजेरीपट उघडा झाला पाहिजे. कोणत्या चौकात कोण ड्यूटीवर आहे याची यादी ठाण्याच्या दारावर लागली, तर कागदी होमगार्ड राहणार नाहीत आणि ड्यूटीसाठी लाच मागणाऱ्याचेही धाबे दणाणेल.

चौथी : होमगार्डांना संघटना बांधण्याचा आणि आपल्या तक्रारी सामुदायिकपणे मांडण्याचा हक्क मिळाला पाहिजे.

पाचवी : भरतीत दलित, अल्पसंख्याक आणि स्त्रिया यांना लोकसंख्येला साजेसे स्थान मिळाले पाहिजे. पुरेशा प्रशिक्षणावाचून कोणाच्याही हाती शस्त्र देता कामा नये.

सहावी : प्रत्येक ठाण्याच्या हद्दीत लोकनियुक्त प्रतिनिधी, कामगार संघटना आणि वस्तीतील स्त्रिया यांची समिती असावी, ठाणेदाराने निवडलेल्या प्रतिष्ठितांची नव्हे. होमगार्डांच्या वर्तनाविषयीच्या तक्रारी त्या समितीसमोर उघडपणे ऐकल्या जाव्यात.

यातल्या बऱ्याचशा गोष्टी नव्या नाहीत. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ ते १९८१ या काळात आठ अहवाल देऊन पोलीस सुधारणांची दिशा दाखवली होती. उत्तर प्रदेशचेच माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये निर्देश दिले. अहवाल कपाटात राहिले, निर्देश कागदावर राहिले. जानेवारी २०२० मध्ये लखनौला पोलीस आयुक्तालय मिळाले. त्यातून अधिकाऱ्यांचे अधिकार वाढले, चौकातल्या होमगार्डच्या जगण्याची हमी काही वाढली नाही.

आणि तरीही त्याच्या कामाची गरज कोणालाच नाकारता आलेली नाही. ज्या राज्याने २०१९ मध्ये २५,००० होमगार्ड परवडत नाहीत असे म्हटले, त्याच राज्याने नोव्हेंबर २०२५ मध्ये ४१,४२४ होमगार्डांच्या भरतीची जाहिरात काढली. काम आहे, माणसेही हवी आहेत. ती कोणत्या अटींवर घेतली जाणार, हा झगडा बाकी आहे. या भरतीसाठी अर्ज करणारे तरुण शेतकऱ्यांच्या, विणकरांच्या आणि मजुरांच्या घरांतूनच आलेले आहेत. ते गणवेश चढवून चौकात उभे राहण्यापूर्वीच त्यांच्यापर्यंत जाऊन त्यांच्या मजुरीच्या हक्काबद्दल आणि जनतेविषयीच्या त्यांच्या जबाबदारीबद्दल एकाच बैठकीत बोलणे, हे कामगार व शेतमजूर संघटनांचे तातडीचे काम आहे. लखनौत ते जितके निकडीचे आहे तितकेच नागपुरात, सोलापुरात आणि भिवंडीतही आहे.